दोन फुटी ‘रेडीमेड’ फिश टँक: लहान माशांच्या थव्यासाठी कितपत योग्य?

शोभेच्या माशांच्या जवळजवळ प्रत्येक दुकानात दर्शनी भागात एक तयार संच मांडलेला असतो. चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच काचेची टाकी, वर प्लॅस्टिकचे झाकण आणि त्यातच बसवलेला एलईडी दिवा, पाण्यात बुडवायचा एक फिल्टर, निळ्या-गुलाबी खड्यांच्या दोन-तीन पिशव्या, मागे चिकटवायचे समुद्री प्रवाळांचे पोस्टर, प्लॅस्टिकची झाडे, अँटिक्लोरीनची आणि ‘ब्लू’ औषधाची बाटली, खाद्याचे पाकीट आणि बहुतेक ठिकाणी ‘दहा मासे फ्री’ अशी पाटी. या वस्तू निरनिराळ्या कंपन्यांच्या असतात आणि दुकानदार त्या आपल्या सोयीने जुळवतो, त्यामुळे हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीचे किंवा दुकानाचे नाही. पण पुणे, ठाणे, नाशिक किंवा नागपूर, कुठेही गेले तरी संचाची मांडणी इतकी सारखी असते की त्याचे एक वस्तू म्हणून मूल्यमापन करायला हरकत नसावी. शहर आणि काचेच्या जाडीनुसार साधारण चार ते सहा हजार रुपयांत तो घरी येतो.

माझा निकष मर्यादित आहे. गोल्डफिश, एंजल किंवा फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्यांसाठी हा संच कसा आहे, याचा विचार येथे केलेला नाही. निऑन, कार्डिनल, एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रास्बोरा, झेब्रा अशा इंच-दीड इंचाच्या, शांत आणि थव्याने राहणाऱ्या माशांना त्यात वर्षानुवर्षे नीट राहता येईल का, एवढेच मी पाहिले. निष्कर्ष आधीच सांगतो: टाकी घ्यावी, फिल्टर बदलून घ्यावा, खडे नाकारावेत आणि फुकटचे मासे दुकानातच राहू द्यावेत.

टाकीपासून सुरुवात करू. काचेच्या मापाप्रमाणे हिच्यात सत्तर लिटर पाणी बसते, पण तळाचा थर आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा केल्यावर प्रत्यक्षात पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी राहते. एवढ्या पाण्यात लहान माशांचा एक थवा आणि तळाशी फिरणारा दुसरा छोटा गट व्यवस्थित राहू शकतो. थव्याने पोहणाऱ्या माशांच्या बाबतीत लिटरपेक्षा लांबी अधिक महत्त्वाची असते, कारण हे मासे आडवे पोहतात. वर-खाली फारसे जात नाहीत. म्हणूनच हल्ली टेबलावर ठेवण्यासाठी मिळणारे उभे गोल सिलिंडर आणि एक फुटाचे चौकोनी ‘नॅनो क्यूब’ दिसायला कितीही देखणे असले, तरी निऑनसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. दोन फूट ही माझ्या मते किमान लांबी आहे. याच संचाची तीन फुटी आवृत्तीही मिळते. घरात जागा आणि मजबूत टेबल असेल तर तीच घ्यावी. दोन फुटी भरलेल्या टाकीचेही वजन पाऊणशे किलोच्या घरात जाते, हे टीव्हीच्या हलक्या युनिटवर ती ठेवण्याचा बेत करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. टाकीखाली थर्मोकोलची शीट घालायची असते आणि ती बहुतेक दुकानदार न मागता देतात, ही चांगली गोष्ट.

झाकणाबद्दल मत संमिश्र आहे. झेब्रा आणि त्याचे भाऊबंद उडी मारण्यात पटाईत असल्यामुळे झाकण हवेच. परंतु संचातील झाकण जवळजवळ बंद डब्यासारखे असते आणि त्यामुळे बाष्पीभवन थांबून एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचे तापमान खोलीपेक्षाही वर जाऊ शकते. खाद्य टाकण्याची खिडकी उघडी ठेवून तिच्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला की हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. दिवा मात्र गरजेपेक्षा प्रखर आणि निळसर पांढरा असतो. ज्या माशांचे पूर्वज झाडांच्या सावलीतून वाहणाऱ्या, पालापाचोळ्याने चहासारख्या झालेल्या पाण्यात राहत होते, त्यांना असा उघडा प्रकाश आवडत नाही आणि ते कोपऱ्यात दबून राहतात. पाण्यावर तरंगणारी थोडी वनस्पती सोडली की प्रकाश गाळला जातो आणि मासे मधल्या भागात येऊ लागतात.

आता फिल्टर, कारण या संचातील सर्वांत कमकुवत वस्तू तीच आहे आणि मासे मरण्याचे मुख्य कारणही तिच्याशीच जोडलेले आहे. संचात मिळणारा बुडवायचा पॉवर फिल्टर पंचावन्न लिटरच्या टाकीसाठी बहुधा नको इतका जोरकस असतो. त्याच्या झोतात दीड इंचाचा निऑन दिवसभर प्रवाहाविरुद्ध पोहत राहतो किंवा झोत पोहोचत नाही अशा एका कोपऱ्यात सगळा थवा गोळा होतो. नवख्या माणसाला हे ‘एकत्र पोहणे’ वाटते, प्रत्यक्षात ती अडचणीतून शोधलेली जागा असते. दुसरे असे की या फिल्टरच्या आत स्पंजचा जेमतेम काडेपेटीएवढा तुकडा असतो. फिल्टरचे काम पाण्यातील कचरा ओढून घेणे एवढेच आहे, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. खरे काम स्पंजवर वाढणारे जिवाणू करतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतात, नायट्रेट मात्र बरेच सहन होते आणि पाणी बदलून ते कमी करता येते. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यांना राहायला स्पंजचा पृष्ठभाग आणि श्वसनाला प्राणवायू लागतो.

त्यामुळे संच घेताना दुकानदाराला पॉवर फिल्टर काढून घ्यायला सांगावे आणि त्याच्या जागी एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर मागावा. किमतीत फरक पडलाच तर तो आपल्या फायद्याचा असतो. हा फिल्टर दिसायला अजिबात शोभिवंत नाही, त्याचा पंप रात्री गुरगुरतो आणि दिवाणखान्यात तो लपवावा लागतो. पण त्याचा प्रवाह सौम्य असतो, जिवाणूंना भरपूर जागा मिळते, लहान मासा त्यात ओढला जात नाही आणि वीज गेल्यावर बॅटरीवरच्या छोट्या एअर पंपाने तो चालू ठेवता येतो. पावसाळ्यात दोन-दोन तास वीज जाणाऱ्या गावात हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरावा. ज्यांना पॉवर फिल्टरच ठेवायचा आहे त्यांनी निदान त्याचे तोंड मागच्या काचेकडे वळवावे आणि शोषणाच्या जाळीवर जाडसर स्पंज चढवावा.

संच देताना विक्रेता सहसा असे सांगतो की पाणी भरा, अँटिक्लोरीनचे थेंब टाका, चोवीस तास थांबा आणि मासे सोडा. पहिले चोवीस तास आणि नंतरचे तीन आठवडे यांत जो फरक आहे तोच या छंदातून बाहेर पडलेल्या बहुतेक लोकांच्या अनुभवाचे मूळ आहे. चोवीस तासांत पाणी स्वच्छ दिसते. जिवाणू मात्र अजून आलेलेच नसतात. मासे सोडल्यावर चार-पाच दिवसांनी अमोनिया चढू लागतो, मासे वर येऊन तोंड उघडतात, एकेक करून मरतात आणि दुकानात जाऊन विचारले की ‘निऑन नाजूकच असतो’ असे उत्तर मिळते. नाजूकपणाची ही कीर्ती निऑनला फार अन्यायाने चिकटलेली आहे. महिनाभर जुन्या, सायकल (म्हणजे हे जिवाणू पुरेसे वाढण्याची प्रक्रिया) पूर्ण झालेल्या टाकीत सोडलेला निऑन चांगला टिकतो. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज आपल्या टाकीत काही दिवस ठेवणे हा या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. संचात त्याची सोय नसते हे उघडच आहे. संचात नसलेली दुसरी आवश्यक वस्तू म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याची थेंबांची टेस्ट किट. ती महाग वाटते, परंतु मेलेल्या माशांच्या किमतीशी तुलना केली तर फारशी महाग नाही.

बाटल्यांपैकी अँटिक्लोरीन कामाचे आहे. त्यात सहसा सोडियम थायोसल्फेट असते आणि महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन ते तत्काळ निष्प्रभ करते. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येऊ लागला की त्याची गरज अधिक भासते. निळी बाटली, म्हणजे मेथिलीन ब्लू, मात्र ‘प्रत्येक वेळी चार थेंब’ अशा सूचनेसह दिली जाते आणि ती सूचना पाळू नये. बुरशी लागलेल्या अंड्यांसाठी किंवा वेगळ्या भांड्यात ठेवलेल्या आजारी माशासाठी हे औषध उपयोगी असले, तरी मुख्य टाकीत ते टाकल्याने फिल्टरमधल्या त्याच जिवाणूंना त्रास होतो ज्यांना आपण महिनाभर वाढवले. शिवाय काचेच्या जोडातील सिलिकॉन कायमचे निळे होते.

रंगीत खड्यांविषयी माझे मत कडवट आहे, आणि त्यात केवळ आवडीनिवडीचा भाग नाही. टेट्रा आपल्या परिसरानुसार अंगावरचा रंग कमी-जास्त करतात. पांढऱ्या किंवा चमकदार निळ्या तळावर निऑन फिकट पडतो आणि ज्या रंगासाठी आपण पैसे मोजले तोच दिसेनासा होतो. काळसर वाळू, वाळलेले देशी बदामाचे पान आणि लाकडाचा एखादा ओंडका एवढ्यावर त्याच निऑनची निळी पट्टी दिव्यासारखी उठून दिसते. ही पट्टी रंगद्रव्याने बनलेली नसून त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होऊन दिसते, म्हणूनच पहाटे दिवा लावल्या-लावल्या मासे निस्तेज दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. थोड्या वेळात रंग परत येतो. प्रवाळांचे पोस्टर काढून त्याजागी मागच्या काचेला काळा कागद लावावा. गोड्या पाण्याच्या टाकीमागे समुद्राचे चित्र का लावतात, हे मला कधीच कळलेले नाही.

आता त्या ‘दहा मासे फ्री’बद्दल. मला हा या संचातील सर्वांत मोठा दोष वाटतो. फुकट मिळणाऱ्या दहा माशांत सहसा दोन निऑन, दोन रंगवलेले विडो, दोन टायगर बार्ब, दोन मॉली, एक छोटा ‘शार्क’ आणि काच साफ करायला एक सकर अशी वर्गवारी असते. ग्राहकाला विविधता मिळाली असे वाटते. माशांच्या दृष्टीने मात्र ही दहा जणांची टाकी नसून दोन-दोन एकाकी जीवांची धर्मशाळा असते. टायगर बार्ब लहान गटात असले की इतरांचे पंख कुरतडतात. ‘शार्क’ म्हणून दिला जाणारा पंगॅसियस हा खाण्यासाठी शेततळ्यात वाढवला जाणारा, फूटभराहून कितीतरी मोठा होणारा मासा आहे. सकरही फूटभर वाढतो आणि त्याला कंटाळून लोक तो तलावात सोडतात, त्याचे दुष्परिणाम आपल्याकडच्या जलाशयांत दिसू लागले आहेत. गुलाबी, पिवळे, हिरवे विडो तर जन्मतः तसे नसतात. ब्लॅक विडो टेट्राच्या फिकट प्रकाराला रंग चढवून ते तयार केले जातात आणि काही महिन्यांत तो रंग उतरतो. असे मासे विकत घेऊ नयेत आणि फुकट तर मुळीच घेऊ नयेत, कारण मागणी दोन्ही मार्गांनी वाढते.

थव्याने राहणारा मासा थव्यातच का हवा, हे समजून घेतले तर या फुकटच्या दहांचा मोह सुटतो. उघड्या पाण्यात लहान माशाचे संरक्षण म्हणजे त्याच्याभोवतीचे त्याच्यासारखेच दिसणारे इतर मासे. अनेक सारख्या आकृत्या एकदम हलल्या की भक्षकाला एकावर नेम धरता येत नाही. दृष्टी आणि अंगाच्या बाजूने जाणारी, पाण्याची हालचाल टिपणारी संवेदनरेखा यांच्या आधाराने प्रत्येक मासा शेजाऱ्याशी आपले अंतर राखतो. हे शेजारी नसतील तर मासा सतत सावध राहतो, कमी खातो आणि आजाराला लवकर बळी पडतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निऑन टेट्रा, टायगर बार्ब, व्हाइट क्लाउड आणि एंजल हे चार घरगुती मासे एकटे, दोन, पाच आणि दहा अशा संख्येत ठेवून त्यांचे वर्तन पाहिले गेले आणि मोठे गट त्यांच्या हिताचे असल्याचे दिसून आले. ‘निदान सहा’ हा दुकानांत सांगितला जाणारा आकडा म्हणूनच मला तळाचा आकडा वाटतो. पंचावन्न लिटरच्या टाकीत पाच जातींचे दोन-दोन मासे ठेवण्याऐवजी एकाच जातीचे बारा ठेवले तर खर्च फारसा वाढत नाही आणि टाकीचे रूपच पालटते.

कोणती जात, याचे उत्तर आपण राहतो तिथल्या उन्हाळ्यावर अवलंबून आहे. निऑन पेरूकडच्या ॲमेझॉन खोऱ्यातील ओढ्यांतला आहे, १९३६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि त्याला साधारण २१ ते २५ अंश सेल्सियस तापमान मानवते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये पावसाळा आणि हीटर लावला तर हिवाळाही त्याच्यासाठी उत्तम जातो. विदर्भात आणि मराठवाड्यात मात्र मे महिन्यात टाकीचे पाणी ३२ अंशांपर्यंत सहज जाते आणि तेथे निऑनची निवड म्हणजे दरवर्षीची धास्ती. तेथे कार्डिनल घ्यावा. १९५६ साली वर्णन झालेला हा मासा ब्राझीलच्या रिओ नेग्रो परिसरातला असून त्याला अधिक उष्ण पाणी चालते; लाल पट्टा निऑनप्रमाणे अर्ध्यातून सुरू न होता थेट डोक्यापासून शेपटीपर्यंत जात असल्याने तो दिसतोही अधिक भरजरी. त्याची किंमत निऑनच्या दुप्पट-तिप्पट असते आणि ती द्यावी, असे माझे मत आहे. दुकानांत दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, त्यामुळे लाल पट्टा कुठून सुरू होतो हे स्वतः पाहूनच पैसे द्यावेत.

या टाकीच्या मापाला सर्वांत शोभणारा मासा मात्र मला एम्बर टेट्रा वाटतो. जेमतेम दोन सेंटिमीटरचा हा केशरी मासा ब्राझीलमधील अराग्वाया नदीच्या खोऱ्यातला आहे, उष्णता बऱ्यापैकी सोसतो आणि पंधरांचा गट असला तरी दोन फुटांत दाटी होत नाही. दुकानातल्या पांढऱ्या टाकीत तो अगदी फिका आणि कुपोषित दिसतो, म्हणून लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. हार्लेक्विन रास्बोरा हा दुसरा भरवशाचा पर्याय: अंगावर काळा त्रिकोण, स्वभावाने शांत, खाण्यात चोखंदळ नाही. रमी नोज टेट्रा सर्वांत शिस्तीने एकत्र पोहतो आणि त्याच्या नाकाची लाली पाणी बिघडले की उतरते, त्यामुळे तो पाण्याच्या स्थितीचा सूचकच ठरतो; पण त्याचा वेग आणि पल्ला पाहता तो तीन फुटी टाकीसाठी राखून ठेवावा. झेब्रा सर्वांत स्वस्त आणि काटक आहे. गंगेच्या खोऱ्यातील या माशाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो संशोधनासाठी वापरला जातो. थंडीत नाशिकच्या घरात हीटरशिवाय राहील असा तो एकमेव पर्याय या यादीत आहे. त्याची धावपळ मात्र इतकी असते की शांत टाकीची अपेक्षा करणाऱ्याला तो दमवतो. तळासाठी कोरीडोरास जातीचे सहा छोटे मासे ठेवता येतात, पण त्यांच्या मिशा खरखरीत खड्यांवर झिजतात, म्हणजे पुन्हा वाळूच आली.

स्थानिक माशांचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. कोकण आणि गोव्याकडच्या ओढ्यांत आढळणारा सेटना बार्ब, ज्याचे वर्णन छापगर आणि साने यांनी १९९२ साली केले, हा रंगाने परदेशी माशांच्या तोडीचा आहे. अशा माशांना दुकानांत क्वचितच स्थान मिळते. ते ओढ्यातून पकडून आणावेत असे मी सुचवत नाही. मर्यादित प्रदेशात राहणाऱ्या जातीवर त्याचा भार पडतो. टाकीत जन्मलेले मिळत असतील तरच त्यांचा विचार करावा.

पाण्याबाबत आपल्या राज्यात एकच नियम लागू पडत नाही. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचे पाणी मिळते आणि ते मृदू असल्यामुळे टेट्रांना मानवते. कोकणातील जांभ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, जे या माशांच्या मूळ पाण्याच्या बरेच जवळ जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरवेलचे पाणी मात्र अनेकदा जड असते, आणि ज्या सोसायट्यांत नळ, बोअर आणि टँकर यांचे मिश्रण आठवड्यागणिक बदलते तेथे अडचण जडपणापेक्षा अस्थिरतेची असते. अशा ठिकाणी आरओचे पाणी अर्ध्या प्रमाणात मिसळणे हा व्यवहार्य मार्ग आहे. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये. त्यात क्षारच नसल्याने पाण्याची आम्लता अचानक वाढू शकते. जड, अल्कधर्मी आणि उष्ण पाण्यात तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून नागपूरच्या बोअरच्या पाण्यात सायकल न झालेली टाकी मुंबईपेक्षा लवकर दगा देते.

उन्हाळ्याची दुसरी बाजू प्राणवायूची. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि माशांची गरज त्याच वेळी वाढलेली असते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरपा लावला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. हा उपाय विदर्भाच्या कोरड्या हवेत छान चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत बराच निष्प्रभ ठरतो. उडालेल्या पाण्याची भर घालत राहावी लागते, हे ओघाने आलेच.

मासे घेण्यासाठी कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांना विविधता आणि भाव दोन्ही मिळतात; गल्लीतल्या दुकानात एखादा चांगला दुकानदार असेल तर मात्र मी त्यालाच पसंती देईन, कारण त्याच्याकडे ‘हा माल कधी आला’ असे विचारता येते. बाहेरगावाहून आदल्या दिवशी उतरलेले मासे घेऊ नयेत. आठवडाभर दुकानात टिकलेले, पोट आत न गेलेले, पंख घट्ट न मिटलेले मासे निवडावेत आणि ते खाद्य घेताना आपल्यासमोर पाहावेत. एका टाकीत एखादा जरी मासा पांढऱ्या ठिपक्यांचा दिसला तरी त्या टाकीतले काहीही घेऊ नये. ऑनलाइन मागवलेल्या माशांची एक खुबी आहे: पिशवीतला प्रवास लांबला की माशांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होते आणि त्यामुळे साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो, पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसले तर वायू उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होतो. लांबून आलेल्या माशांची बंद पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, तापमान जुळले की उघडून मासे जाळीने लगेच टाकीत सोडावेत आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. जवळच्या दुकानातून आणलेल्यांच्या बाबतीत थोडे-थोडे पाणी मिसळण्याची जुनी पद्धत ठीक आहे.

संचासोबत अनेक दुकाने महिन्याला ठरावीक रकमेत ‘मेंटेनन्स’ची सेवाही देऊ करतात. येणारा माणूस मेहनती असतो यात वाद नाही, पण त्याच्या कामाची रीत बहुतेक ठिकाणी एकच: मासे बादलीत, सगळे पाणी बाहेर, खडे आणि स्पंज नळाखाली खळखळून धुतलेले, टाकी लखलखीत. क्लोरीनच्या पाण्याने धुतलेल्या स्पंजावरचे जिवाणू मरतात आणि टाकी दर महिन्याला पहिल्या दिवसावर येऊन उभी राहते. ही सेवा घ्यायचीच असेल तर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा चौथा हिस्सा पाणी बदलणे, तळ पाइपने ओढून घेणे आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दाबून धुणे, एवढेच करायला सांगावे. अर्ध्या तासाचे काम आहे. घरातली दहा-बारा वर्षांची मुले ते आवडीने करतात, त्यामुळे तो मासिक खर्च वाचवून त्यात टेस्ट किट घ्यावी, असे मी सुचवेन.

खरेदीला जाताना दुकानदाराशी असे बोलावे: टाकी, झाकण, अँटिक्लोरीन आणि थर्मोकोल संचातले चालेल, पॉवर फिल्टरऐवजी एअर पंप आणि स्पंज, रंगीत खड्यांऐवजी पाच-सहा किलो काळी वाळू, पोस्टर नको, ब्लू नको, आणि फुकटच्या दहा माशांच्या बदल्यात महिन्याभराने येऊन एकाच जातीचे मासे घेताना सवलत द्यावी. काही दुकानदार याला सरळ नकार देतात. जो हो म्हणतो आणि ‘आधी स्पंज माझ्या जुन्या टाकीत आठवडाभर ठेवतो, मग न्या’ असे आपणहून सुचवतो, त्याच्याकडे संच शे-दोनशे रुपयांनी महाग असला तरी तिथूनच घ्यावा.